देवगड–वेंगुर्ले किनाऱ्याचा पाथ: रीसॅम्पल केला की देवबाग तुटतं, नाही केला की प्लॉटर अडतो

प्रश्न
देवगड ते वेंगुर्ले किनाऱ्याचा नकाशा एका फलकासाठी रेडियममध्ये (चिकट विनाइल) कटिंग प्लॉटरवर कापायचा आहे. प्रमाण १:५०,०००, उंची साधारण ११५ सेंमी. किनाऱ्याची रेघ (पाथ) ओपनस्ट्रीटमॅपची, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) काढून नोडबॉक्स ३ मध्ये घेतली; तिथे नोड जोडून चित्र घडवतात. बिंदू इतके दाट आहेत की प्लॉटरचं पातं जागोजागी थबकतं आणि रेडियमची कड फाटते. बिंदू नव्याने मांडणाऱ्या रीसॅम्पल नोडला लांबी ३० दिली तर कर्ली खाडीच्या मुखाशी देवबागची पट्टी तुटते, खाडीचे दोन्ही काठ एकमेकांना छेदतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याचा चार-पाच कोनांचा खडा होतो. लांबी २ दिली की पुन्हा दाट. मधला आकडा कोणता द्यावा?

उत्तर १
मधला आकडा शोधू नका, इथे नोडच चुकीचा आहे. रीसॅम्पल पाथवरून समान अंतराने चालत जातो आणि प्रत्येक पावलाला एक बिंदू ठेवतो. दोन पावलांच्या मध्ये आलेला कोपरा तो सरळ छाटतो. नोडबॉक्समध्ये ७२ एकक म्हणजे एक इंच, तेव्हा तुमचे ३० एकक फलकावर १०.६ मिमी आणि जमिनीवर जवळजवळ ५३० मीटर होतात. देवबागची पट्टी एवढी रुंद नाहीच! उलट तारकर्लीच्या सरळ पुळणीवर दोन बिंदूंत भागलं असतं, तिथेही तो तितकेच बिंदू ओततो.

तुम्हाला हवं ते सिम्प्लिफाय, म्हणजे अनावश्यक बिंदू गाळणं. त्यातली डग्लस-पॉयकर पद्धत (१९७३) दोन टोकांमध्ये रेघ धरते आणि तिच्यापासून सर्वांत लांबचा बिंदू बघते. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर राखते आणि दोन्ही तुकड्यांवर तेच पुन्हा करते. आत असेल तर मधले सगळे बिंदू काढते. पुळण विरळ होते, कातळाची टोकं राहतात.

ही मर्यादा फलकावरून काढा. ०.३ मिमीचा फरक हातभर अंतरावरून कळत नाही, ०.३ मिमी × ५०,००० = १५ मीटर. हे काम क्यूजीआयएसमध्येच उरका. आधी रीप्रोजेक्ट लेयरने ईपीएसजी ३२६४३ (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी निर्देशांक पद्धत) करा, मग व्हेक्टर मेनूतल्या जिऑमेट्री टूल्समधून सिम्प्लिफाय, पद्धत डिस्टन्स (हीच डग्लस-पॉयकर), टॉलरन्स म्हणजे मर्यादा १५. अक्षांश-रेखांशांच्या लेयरवर १५ टाकलंत तर ते १५ अंश धरले जातील आणि अख्खा किनारा एका रेघेत येईल.

उत्तर २
वरच्याला जोड. डग्लस-पॉयकरही चिंचोळ्या खाडीत काठ एकमेकांवर चढवू शकतो, म्हणून नंतर असे छेद दाखवणारं चेक व्हॅलिडिटी चालवाच. देवगड, मालवण, वेंगुर्ले हे तालुके वेगळ्या रंगांच्या रेडियममध्ये कापणार असाल तर क्यूजीआयएसचं सिम्प्लिफाय वापरू नका: ते प्रत्येक बहुभुज सुटा धरतं, त्यामुळे सामाईक हद्दीवर फटी पडतात. मॅपशेपर हे वेगळं साधन सामाईक रेघ एकदाच साधी करतो. त्यात छोटी बेटं गळू नयेत म्हणून प्रिव्हेंट शेप रिमूव्हल चालू ठेवा.

प्रिंट लेआउटमधून एसव्हीजी काढताना जिऑमेट्री साधी करण्याची खूण काढून टाका, नाहीतर तुम्ही ठरवलेल्या मर्यादेवर आणखी एकदा छाटणी होते.

प्रश्नकर्ता
१५ मीटरने देवबाग शाबूत राहिलं, पातंही थबकत नाही. पण खाडीचे काठ कंगोरेदार दिसतात. इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं निवडून कंट्रोल + एल (तिथलं सिम्प्लिफाय) केलं तर काठ गोल होतात, पण किल्ल्याचे बुरूज विरघळतात.

उत्तर १
इंकस्केपचं सिम्प्लिफाय निवडीच्या आकारावर चालतं. किल्ला फलकावर जेमतेम एक सेंटिमीटर, त्याला ११५ सेंमीच्या किनाऱ्यासोबत निवडलंत की किनाऱ्याच्या मापाची छाटणी त्यालाही लागते. सगळं एकाच पाथमध्ये असेल तर आधी ब्रेक अपार्ट करून तुकडे सुटे करा. मग फक्त किनारा निवडून कंट्रोल + एल एकदाच दाबा, कारण भराभर दाबत गेलात तर प्रत्येक वेळी छाटणीचा जोर वाढतो. तरीही जास्त वाटलं तर प्रेफरन्सेसमध्ये थ्रेशोल्ड (छाटणीची मर्यादा) ०.००२ वरून ०.०००५ करा. किल्ल्याला हात लावू नका, बुरुजांचे कोन तसेच हवेत.

यानंतर किनारा नोडबॉक्समध्ये नेलात तर तिथे रीसॅम्पल लावू नका. गोलाई जाऊन पुन्हा सरळ तुकडे होतील. समुद्रात लाटांच्या रेघा काढायच्या असतील तर त्यांना मात्र रीसॅम्पल आणि मग बिंदू इकडेतिकडे हलवणारा विगल नोड असंच करा. विगलला बिंदू समान अंतरावर लागतात, नाहीतर सरळ भागात रेघ हलतच नाही.