मदत हवी आहे: आतडं अडलेलं नाही, तरी लक्षणं तशीच

आई (58) आठ महिन्यांत तिसऱ्यांदा पोट फुगून, उलट्या होऊन ॲडमिट झाली. दर वेळी एक्स-रेत आतडी फुगलेली, पण सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपीत अडथळा कुठेच नाही. पहिल्यांदा तर ऑपरेशनची तयारी झाली होती. थांबलो ते बरं झालं. आता डॉक्टर ‘स्यूडो-ऑब्स्ट्रक्शन’ म्हणतात: वाट मोकळी, पण आतड्याचे स्नायू-नसा अन्न पुढे ढकलत नाहीत.

शुगर, थायरॉईड, पोटॅशियम नॉर्मल. स्क्लेरोडर्माची (त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार) तपासणी बाकी आहे. प्रुकॅलोप्राइडने (आतड्याची हालचाल वाढवणारं औषध) थोडाच फरक. इसबगोल, कोशिंबिरीने फुगणं वाढलं, म्हणून बंद. मऊ भात, मुगाचं वरण थोडं थोडं देतो. डोस विचारत नाही, ते डॉक्टर ठरवतील. आम्ही सोलापूरला असतो. लहान आतड्याची मॅनोमेट्री (आतड्याच्या आकुंचनाचा दाब मोजणारी तपासणी) पुण्या-मुंबईत कुठे होते, आणि त्यानंतर तुमच्या रुग्णाचे उपचार खरंच बदलले का?