रमाबाईंचे प्रश्न गर्वाचे होते का?

केडगावचा वाचक:
नम्र ख्रिस्ती म्हणजे पाळक म्हणतील ते मुकाट्यानं मानणारा, हे आपल्या चर्चच्या मंडळ्यांत सर्रास ऐकू येतं. मला अजिबात पटत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्यानंतरही त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार यांवर त्या विचारतच राहिल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना त्यात गर्व दिसला. रमाबाईंनी कळवलं, की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी महत्प्रयासानं सुटले, आता तसलंच दुसरं जोखड घेणार नाही. कलकत्त्यात १८७८ मध्ये ‘सरस्वती’ पदवी मिळालेल्या या विदुषी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, तेही बायबल मराठीत आणण्यासाठी. एवढ्या विद्वत्तेनंतर पुन्हा मुळाक्षरं गिरवायची, याला नम्रता नाही तर काय म्हणायचं?

दापोडीकर:
दादा, गोष्ट अर्धीच सांगितलीत. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगलं, की ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे रमाबाईंनीच आपल्या साक्षीत लिहिलंय. म्हणजे तेवढ्या अभ्यासानं, तेवढ्या वादानं शांती दिली नाही. ती मिळाली प्रभूच्या पायाशी शरण गेल्यावर. नम्रता तिथं आहे, व्याकरणात नाही.

वसईची लेक:
मग शरण गेल्यावर पुस्तकं मिटायला हवी होती ना? उलट भाषांतराचं मोठं काम त्यानंतरचंच आहे. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर ते चालू होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं, रमाबाईंच्याच मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यातून. आणि बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय १८ बघा. उपदेशक अपुल्लोस शास्त्रात प्रवीण, बोलण्यात पटाईत. तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू करणाऱ्या जोडप्यानं त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला.

दापोडीकर:
ताई, अपुल्लोसानं ऐकून घेतलं, मुद्दा तोच! रमाबाईंचं भाषांतर बव्हंशी त्यांच्या एकटीच्या निर्णयांवर उभं राहिलं, आणि मंडळ्यांत आजही बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचलं जातं. ज्ञान फुगवतं, प्रीती उभारणी करते, असं पौलानं करिंथकरांना लिहिलं ते अशासाठीच. शिकावं जरूर, पण मंडळीला धरून.

केडगावचा वाचक:
मान्य, पण मंडळीनंही शिकायला नको का? त्या अध्यायात शिकणारा उपदेशक आहे आणि शिकवणारे साधे कारागीर. आपल्याकडे उपदेशानंतर पाळकांना कोणी शंका विचारली, की त्याला उद्धट ठरवतात. तरुण मुलं त्यामुळेच गप्प होतात आणि हळूहळू यायची थांबतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. उपासनेनंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवावा, असं माझं म्हणणं आहे.

दापोडीकर:
उपासनेला जोडून नको, लोक प्रभुभोजन घेऊन शांत मनानं घरी जातात. बुधवारच्या बायबल अभ्यासात ठेवा, मी येईन.

वसईची लेक:
बुधवारी नोकरीवरची मुलं येणार कशी? आमच्याकडे तर त्या दिवशी फक्त निवृत्त मंडळी असतात.