एकाच मोबाइलवर मलप्रभा

बरेच जण म्हणतात की खेड्यातल्या शाळेत रेंज नाही, टॅब नाहीत, मग गुगल अर्थसारखे ऑनलाइन नकाशे दाखवून शिकवणं शहरातल्या मुलांसाठीच. रेंजचं खरं आहे, मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, पावसाळ्यात लाईट गेली की टॉवरपण जातो. पण वर्गात नेट लागतंच असं नाही की हो. मी घरी वायफायवर गुगल अर्थमध्ये आमची मलप्रभा नदी उगमापासून, म्हणजे कणकुंबीपासून, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणावरून, पार कूडलसंगमला कृष्णेला मिळेपर्यंत सावकाश सरकवत नेली, स्क्रीन रेकॉर्ड केली आणि शाळेत माझ्या एकाच मोबाइलवर सात-आठ जणांचे गट करून दाखवली. आपली नदी ३०० किलोमीटर जाते हे बघून पोरं गप्पच झाली.

मग त्यांनीच चार्टपेपरवर नकाशा काढला, नदीला निळी लोकर चिकटवली आणि घरी आज्जीला विचारून ओढ्यांची, डोहांची नावं घातली, जी गुगलवर कुठेच दिसली नव्हती. गावांची नावं मराठी-कन्नड दोन्हीत, कन्नडच्या सरांनी जोडाक्षरं तपासून दिली. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी आज्जीचा आवाज रेकॉर्ड करून घेऊन आली, चांगला १२ मिनिटांचा, आणि सगळ्यांना तो पूर्ण ऐकायला लावला तिनं.