मारहाणीच्या तक्रारीत समेट घडवून आणणे योग्य आहे का?

धागाकर्ती

मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिच्या नवऱ्यासमोर बसवून समेट घडवण्याची आपल्याकडची पद्धत बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भावकी, सोसायटीतील ज्येष्ठ मंडळी, गावची तंटामुक्ती समिती आणि अदखलपात्र नोंद करून मोकळे होणारे पोलीस ठाणे, सगळीकडे रीत एकच असते: दोन्ही बाजू ऐकायच्या, दोघांनाही चार शब्द सुनवायचे आणि तिला नांदायला पाठवायचे. जिथे केवळ भांडण आहे तिथे हे चालून जाईल. जिथे दहशत आहे तिथे मात्र बैठकीत बोललेल्या प्रत्येक वाक्याचा जाब तिला त्याच रात्री द्यावा लागतो, त्यामुळे ती बोलतच नाही आणि पंच मंडळी समजतात की प्रकरण मिटले.

दहशत ओळखायची तर वळ शोधून भागत नाही. तिचा पगार जमा होतो पण एटीएम कार्ड त्याच्याकडे असते, माहेरचा फोन त्याच्यासमोर स्पीकरवर घ्यावा लागतो, आणि उत्तर देण्याआधी ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. यांत सर्वांत गंभीर खूण म्हणजे गळा दाबणे. त्याचे व्रण बहुतेकदा दिसत नाहीत, म्हणून ते किरकोळ समजले जाते. प्रत्यक्षात ज्या स्त्रीचा जोडीदाराने पूर्वी गळा दाबला आहे तिच्या खुनाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे अमेरिकेतील परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांच्या गटाच्या अभ्यासातून पुढे आले आहे. वसईच्या ज्या तरुणीच्या खुनाचे प्रकरण 2022मध्ये दिल्लीत उघडकीस आले, तिनेही नोव्हेंबर 2020मध्ये पोलिसांना लेखी कळवले होते की जोडीदार मारहाण करतो आणि त्याने श्वास कोंडून मारण्याचा प्रयत्न केला. पुढे आता वाद उरलेला नाही, असे तिनेच लिहून दिले आणि ते प्रकरण तिथेच थांबले.

प्रतिसाद : तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष

ताई, आपला मुद्दा समजला, पण आपण गावाकडचे चित्र अर्धेच पाहिले आहे. समितीपुढे येणारी बहुतेक बाई म्हणते, "मला घर मोडायचे नाही, फक्त त्याचा हात थांबवा." घर सासऱ्याच्या नावावर, माहेरी भावजयीचे राज्य, मुलांची शाळा इथेच, अशा बाईला न्यायालयाचा रस्ता दाखवून आपण तिच्या हाती नेमके काय देतो? चारचौघांत लिहून दिलेल्या हमीचा धाक आजही काही माणसांना वाटतो आणि मारहाण थांबलेली घरे मी पाहिली आहेत. शिवाय 2025च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानेही छळाच्या तक्रारीत दोन महिने अटक न करता प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे पाठवण्याची पद्धत उचलून धरली. न्यायालयाला समेट चालतो, तर गावाला का चालू नये?

प्रतिसाद : कौटुंबिक प्रकरणे चालवणारी वकील

काका, ती पद्धत शारीरिक इजेच्या प्रकरणांसाठी नाही, आणि इथे चर्चा मारहाणीचीच चालली आहे. घराविषयी म्हणाल, तर 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने घर सोडण्याची सक्ती तिच्यावर केलेलीच नाही. कलम 17 तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क देते आणि कलम 19 खाली दंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये स्पष्ट केले. समुपदेशनालाही कायद्याचा विरोध नाही, पण 2006च्या नियमांत एक अट आहे जी कोणतीही बैठक पाळत नाही: नवऱ्याला तिथे मारहाणीचे समर्थन करता येत नाही. "जेवण वेळेवर नव्हते", "उलट बोलली" ही वाक्ये त्या खोलीत चालत नाहीत. आपल्या बैठकांची सुरुवातच या वाक्यांनी होते. अर्ज 60 दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो आणि तसे क्वचितच घडते, हे मात्र मला नाकारता येणार नाही.

प्रतिसाद : एक वाचक, नाशिक

खोट्या तक्रारींविषयी कोणी बोलणार आहे की नाही? नुसत्या एका अर्जावर म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना कोर्टाच्या चकरा माराव्या लागलेली कुटुंबे माझ्या परिचयात आहेत. बाईला एकटीला विचारायचे आणि नवऱ्याचे म्हणणे ऐकायचेच नाही, हा कुठला न्याय?

धागाकर्ती

नवऱ्याचे म्हणणे अवश्य ऐकावे, पण वेगळे ऐकावे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014मध्येच अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे, आणि 2005च्या कायद्याचे आदेश मुळात दिवाणी स्वरूपाचे आहेत. ते मोडले तरच शिक्षेचा प्रश्न येतो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 18 ते 49 वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 25 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या केवळ 14 टक्के होत्या. खोट्या तक्रारी असतीलही, पण न केलेल्या तक्रारींचा ढीग त्यांच्यापेक्षा फार मोठा आहे.

अध्यक्षसाहेब, तिला घर मोडायचे नसेल तर तो निर्णय तिचाच. माझा आग्रह इतकाच की आधी तिला एकटीला विचारा: गळा दाबला होता का, जिवे मारण्याची धमकी दिली का, आज घरी जायला भीती वाटते का? यांतल्या एकाचेही उत्तर होय असेल तर बैठक बोलावू नका. 112 (पोलीस) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) वर कळवा आणि 2005च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून घटनेचा अहवाल लिहून घ्या. शेजाऱ्यालाही अशी माहिती देता येते आणि सद्हेतूने दिली असेल तर त्याच कायद्याच्या कलम 4 प्रमाणे त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही.

प्रतिसाद : तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष

एकटीला विचारण्याची सूचना मला मान्य आहे, आणि हे काम समितीतील स्त्री सदस्याने करावे, पुरुषांनी त्या वेळी बाहेर थांबावे, असे मी सुचवीन. बैठक मुळीच नको, हे मात्र मला अजूनही पटलेले नाही. आमच्याकडून संरक्षण अधिकाऱ्याचे कार्यालय गाठायचे तर एक अख्खा दिवस आणि बाईची एक दिवसाची मजुरी जाते. हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात काही दिवस आसरा मिळतो, पण ते केंद्रही जिल्ह्याच्या ठिकाणीच असते. ती व्यवस्था तालुक्याला येईपर्यंत रात्री अकरा वाजता दार वाजवणाऱ्या बाईला माझ्याच ओसरीवर बसवावे लागणार आहे.