सिकेटरच्या चामडी होल्स्टरला रंग आणि फिनिश: आधी काय, नंतर काय?

गच्चीवरची_बाग (सिंहगड रोड)

छाटणीचा सिकेटर कमरेला लावायला चामड्याचं होल्स्टर करतो आहे. चामडं व्हेज टॅन (झाडांच्या सालीतल्या वगैरे टॅनिनने कमावलेलं), रंग न दिलेलं, जाडी ३ मिमी. पुढचा आणि मागचा तुकडा, मध्ये पात्याच्या बाजूने एक जादा पट्टी, म्हणजे धार टाक्यांपर्यंत पोचणार नाही. एसआर ९९८ या रबरी सोल्युशनने चिकटवून १ मिमीच्या मेणवलेल्या पांढऱ्या पॉलिस्टर दोऱ्याने अर्धी बाजू शिवली आहे. ओलं करून आकार देणं, रंग आणि फिनिश हे सगळं बाकी आहे. हवा आहे गडद तपकिरी, पण काळाही चालेल.

आकार आधी की रंग आधी? वर काय लावावं, कारण हे पावसातही बागेत वापरलं जाणार? एका सुताराने लाकडाचं फ्रेंच पॉलिश मारायला सांगितलंय, ते चालेल का? आणि कडा दुकानातल्या पट्ट्यासारख्या गुळगुळीत कशाने होतात? बाहेरून महागड्या बाटल्या मागवायची तयारी आहे, पण पुण्यात मिळणाऱ्या वस्तूंत भागलं तर बरं.

आरी_दाभण

फ्रेंच पॉलिश नको. ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. चामडं वाकलं की लाखेचा थर तडकतो, शिवाय त्यातलं स्पिरिट खालचा डाई (चामड्यात मुरणारा रंग) पुन्हा सोडवतं आणि डाग पडतात.

क्रम दोऱ्यावर ठरतो. दोरा रंगाशी जुळणारा असेल तर शिवणं, आकार, वाळवणं, रंग, तेल, फिनिश हा सोपा क्रम. पांढरा दोरा पांढराच दिसायला हवा असेल तर तपकिरी डाईसाठी आत्ताच टाके उसवा. डाई दोऱ्यावर चढतो आणि मग दोरा ना पांढरा ना तपकिरी असा मळकट दिसतो. अशा वेळी रंग, रगडून पुसणं, शिवणं, हलकं ओलं करून आकार, वाळवणं, तेल, फिनिश. तेल आकारानंतरच, कारण तेल प्यायलेलं चामडं पाणी नीट घेत नाही.

आधी चामडं खरंच व्हेज टॅन आहे ना ते बघा. गुळगुळीत बाजूवर पाण्याचा थेंब ठेवा. काही सेकंदांत तो मुरून जागा गडद झाली तर ठीक. थेंब तसाच बसला आणि कापलेली कड मध्ये निळसर-राखाडी दिसली तर ते क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. त्याला ओल्याने आकार धरत नाही आणि कडाही घासून चमकत नाहीत, पुढचं सगळं वाचण्यात अर्थ नाही.

आकार देताना: सिकेटर बंद करून खटका लावा आणि पॅकिंगच्या पातळ प्लास्टिकचे दोन-तीन वेढे द्या. हे टाळू नका. ओल्या व्हेज टॅनमधलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की निळे-काळे डाग पडतात आणि ते आतपर्यंत जातात. डाग पडलाच तर लिंबाचा रस लावून, थोडं थांबून, पाण्याने पुसून बघा. नुकता डाग असेल तर बराच उतरतो.

चामडं साध्या पाण्यात बुडबुडे कमी होईपर्यंत बुडवा, ३ मिमीला अर्धा मिनिट पुरतं. बाहेर काढून पृष्ठभागाचा मूळ फिका रंग परत यायला लागेपर्यंत थांबा. हात लावला तर गार लागतं पण पाणी सुटत नाही, ती वेळ बरोबर. निथळत्या चामड्यावर दाबलेला आकार सुकताना परत फुगतो. मग सिकेटर घालून बोटाने आणि चमच्याच्या पाठीने सांध्याच्या खिळ्याभोवती दाबा. स्प्रिंगभोवती मात्र खोल दाबू नका, नाहीतर बाहेर काढताना दर वेळी तिथेच अडकेल. स्प्रिंगपासून तोंडापर्यंत सिकेटरवर आइस्क्रीमची काडी चिकटवली तर ओढून काढायची वाट मोकळी राहते.

सावलीत, पंख्याखाली, २४ तास. जुलै-ऑगस्टमध्ये दुप्पट धरा. उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ओलं व्हेज टॅन फार तापलं की आक्रसतं आणि ठिसूळ होतं, ते पुन्हा सरळ होत नाही.

रापी_आणि_एरण

वर भर घालतो. रंग देण्याआधी सोल्युशनचे डाग शोधा. एसआर ९९८ चा पातळसा पापुद्रा राहिला तरी तिथे रंग शिरत नाही आणि फिका ठिपका उमटतो. सुकलेलं सोल्युशन रबरासारखं बोटाने चोळून निघतं. कडेला असेल तर १५० च्या काचपेपरने. बोटांचा तेलकटपणाही असाच रंग अडवतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसून घ्या.

डाई स्पिरिटवरचा घ्या. चपलेच्या दुकानातलं लिक्विड पॉलिश म्हणजे डाई नव्हे. त्यातला रंग वर बसतो, आत जात नाही, आणि पँटला लागतो. फीबिंग्जचा प्रो डाई मिळाला तर उत्तम. ११८ मिलीची बाटली येते, एका होल्स्टरला २५-३० मिली पुरे. भारतीय स्पिरिट डाई चप्पल कारागिरांना माल देणाऱ्या दुकानांत सुटाही मिळतो. पातळ करायला स्पिरिट किंवा तेच आयसोप्रोपिल, बोहरी आळीत रंगाच्या दुकानांत विचारा.

समसमान पातळ करा. एक जाड हात मारला तर पट्टे पडतात, तीन पातळ हात मारले तर एकमेकांत मिसळतात. चामडं आधी ओलसर स्पंजने पुसा, म्हणजे पहिला हात एकदम शोषला जात नाही. सुती कापडाचा बोळा, गोल गोल, थांबायचं नाही. पहिला हात कधीच सारखा दिसत नाही. घाबरून लगेच त्यावरच घासत बसू नका. एप्रिल-मे मध्ये भर दुपारी स्पिरिट इतकं झटकन उडतं की बोळा टेकवला तिथे कड दिसते, सकाळी लवकर करा. हातमोजे घाला आणि जवळ गॅस, दिवा, उदबत्ती काही नको.

रात्रभर वाळू द्या. त्यानंतर कोरड्या फडक्याने रगडा, फडक्यावर रंग यायचा थांबेपर्यंत. नवशिक्यांची निम्मी कामं इथेच बिघडतात. न मुरलेला रंग वर पुडीसारखा राहतो, काळ्यावर आणि गडद निळ्यावर तर तांब्यासारखी झाक दिसते. हा रंग पुसला नाही तर फिनिश त्यालाच ओढून पसरवतं.

गच्चीवरची_बाग

धन्यवाद दोघांनाही. थेंबाची चाचणी केली, मुरला. टाके उसवायचे जिवावर आलंय. काळ्या रंगात पांढरा दोरा वाचवता येईल असं काही?

लोह_हिरडा

येईल. लोखंड आणि व्हिनेगरचं पाणी वापरा. हा डाई नाहीच, चामड्यातल्या टॅनिनची लोहाशी होणारी क्रिया आहे. पॉलिस्टरमध्ये टॅनिन नसल्याने दोरा डाईइतका रंगत नाही, थोडा करडा होतो एवढंच. पँटलाही लागत नाही, कारण काळेपणा आत तयार होतो.

२५० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये मूठभर स्टील वूल. त्याला तेल असतं, आधी भांड्याच्या साबणाने धुऊन घ्या. भांडी घासायची तारेची घासणी चालत नाही, ती बहुतेक स्टेनलेस असते आणि नुसती पडून राहते. बिनमुलाम्याचे साधे लोखंडी खिळेही चालतात, वेळ जास्त लागतो. बरणीचं झाकण सैल ठेवा. आत हायड्रोजन तयार होतो, घट्ट बंद बरणी फुटू शकते. एक ते दोन आठवड्यांनी दाट कापडातून दोनदा गाळा.

चामड्यात टॅनिन कमी असेल तर काळ्याऐवजी राखाडी येतं. त्यासाठी आपल्याकडे हिरडा आहेच: दोन चमचे पूड अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा, गार करून चामड्यावर हात द्या, वाळू द्या, मग लोखंडाचं पाणी. हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. लोखंडी भांड्यात उकळू नका, काढाच काळा होईल.

लावल्याबरोबर चामडं करडं होतं, अर्ध्या तासात काळं. त्यानंतर आम्ल मारायला हवं, नाहीतर चामडं हळूहळू कमकुवत होतं आणि सिकेटरही गंजेल. १ लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, त्यात फेस थांबेपर्यंत, दोन-तीन मिनिटं. लगेच साध्या पाण्याने धुवा. सोडा जास्त झाला किंवा चामडं त्यात विसरलं तर ते कडक होऊन चिरतं, व्हेज टॅनला मुळात आम्लधर्मीच राहायला आवडतं. चामडं आता परत ओलं आहे, म्हणून गुंडाळलेला सिकेटर आत घालूनच वाळवा, किंवा आकार द्यायचं कामच या टप्प्यावर करा. तेल लागेपर्यंत ते धुरकट दिसेल.

आरी_दाभण

आता तेल. नीट्सफूट (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) असेल तर ते, नाहीतर एरंडेल कोमट करून. कापडाला लावून एकच पातळ हात, दुसऱ्या दिवशी कोरडं वाटलं तरच दुसरा. होल्स्टरचा ताठपणा तेलानेच जातो, जास्त पाजलंत तर पिशवी होईल. खोबरेल आपल्या डिसेंबरात गोठून वर पांढरं येतं. जवस तर नकोच, ते सुकून चामडं कडक करतं आणि त्याच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात.

रापी_आणि_एरण

वरच्या थराबद्दल: डाई वापरलात तर अॅक्रिलिक, उदाहरणार्थ रेझोलीन. समसमान पाणी, ओलसर स्पंज, दोन पातळ हात, एकदाच पुढे न्यायचं. पुन्हा पुन्हा फिरवलं तर फेसाचे बुडबुडे तसेच सुकतात. तेलानंतर २४ तास थांबा. जाड थर प्लास्टिकसारखा दिसतो आणि घडीवर सोलतो.

लोह_हिरडा

इथे माझं मत वेगळं. बागकामाच्या होल्स्टरला काटे, चीक, माती लागणार. अॅक्रिलिक ओरखडलं की ओरखड्यातून पाणी आत जातं आणि तेवढ्यापुरती दुरुस्ती होत नाही. मधमाशीचं मेण आणि एरंडेल वजनाने समान, गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवून गार केलेलं मलम चोळा, हेअर ड्रायरने जेमतेम कोमट करा, उरलेलं पुसून टाका. पावसाळ्याआधी पुन्हा लावता येतं. मात्र याने पाणी ओघळतं, चामडं जलरोधक होत नाही. आणि मेणावर अॅक्रिलिक धरत नाही, त्यामुळे आधीच काय ते ठरवा.

रापी_आणि_एरण

लोखंडी काळ्यावर मेण, मान्य. डाईवर मी अॅक्रिलिकच म्हणेन. मेणाने डाईचं सुटणं थांबत नाही, आणि खाकी पँटवर तपकिरी पट्टा दिसतो.

कड_बघा_आधी

कडांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून. कडा फिनिशच्या आधी, अॅक्रिलिक लागलेली कड घासून चमकत नाही. तिन्ही थर एकसारखे होईपर्यंत १५० चा काचपेपर, मग २२०, ४००, ६००. कोपरा बेव्हलरने (कड तासायच्या हत्याराने) उतरवा, नसेल तर तिरका काचपेपर. कडेलाही रंग द्या.

कडा चमकवायला गम ट्रॅगाकँथ हा डिंक बाहेरून मागवायची गरज नाही, डिंक कतिरा आणा. लाडवाचा डिंक नव्हे, तो पाण्यात विरघळतो आणि चिकट राहतो. कतिरा फुगून जेली होते. एक चमचा कतिरा एक कप पाण्यात रात्रभर, मग कापडातून पिळून घ्या. कडेला बोटाने पातळ लावा, जाड कॅनव्हासच्या तुकड्याने जोरात आणि भरभर घासा, कड गरम लागली पाहिजे. चिकटपणा जाऊन चमक येते, दोन-तीनदा करा. जेली गुळगुळीत बाजूवर सांडली तर लगेच पुसा, तिथे नंतर रंग बसत नाही. आतली खरबरीत बाजूही शिवण्याआधी यानेच दाबून घ्यायची असते. तुमची अर्धी शिवण अजून उघडी आहे, तेवढी जमेल.

तळाला ५-६ मिमीचं भोक पाडलंय का? नसेल तर रंगाआधी पाडा. पाणी आणि पात्यावरचा चुरा तिथून जातो. आणि सिकेटर रात्री होल्स्टरमध्ये ठेवू नका, पुसून बाहेर. दमट चामड्यात कार्बन स्टीलचं पातं एका पावसाळी रात्रीतही गंज धरतं.

गच्चीवरची_बाग

भोक नव्हतं, पाडतो. लोखंडी काळा आणि मेण ठरवलं. आधी याच चामड्याच्या कातरणावर करून बघतो, हिरड्याचा काढा देऊन आणि न देता, दोन्ही.

लोह_हिरडा

कातरणावर चार टाकेही त्याच दोऱ्याने घाला, म्हणजे दोरा किती करडा होतो ते आधी कळेल.