सलाम ठोकणारा स्टबी

वर कुणीतरी विचारलंय, पहिल्या महायुद्धावरच्या 'सार्जंट स्टबी' सिनेमातला कुत्रा सलाम ठोकतो ते जरा अतिच नाही का? अहो, तो भाग सिनेमावाल्यांनी पदरचा घातलेला नाही. १९१७ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या आवारात भटकणारं हे कुत्रं रॉबर्ट कॉनरॉय या सैनिकाने लपवून जहाजावरून फ्रान्सला नेलं. पकडले गेल्यावर स्टबीने उजवा पंजा भुवईपाशी नेला आणि साहेब तिथेच विरघळला, असं सांगतात. विषारी वायूचा वास आधी त्यालाच यायचा, मग भुंकून सगळ्यांना उठवायचा. 'सार्जंट' हुद्द्याला मात्र कागदोपत्री आधार नाही. फ्रान्समधल्या शातो-तिएरी गावच्या बायकांनी त्याला मऊ चामड्याचा कोट शिवून दिला होता, पुढे त्यावरच पदकं लटकली! सिनेमात रक्तपात फारसा नाही, पोरांना खुशाल दाखवा.