लिमिटिंग रिएजंटची (आधी संपणाऱ्या अभिक्रियाकारकाची) गणितं रोज सोडवतोय, तरी चुकतात. सराव कसा करायचा?

वैतागलेला_विद्यार्थी
समीकरण बॅलन्स करता येतं. ग्रॅमचे मोल (रेणू मोजायचं एकक), मोलचे ग्रॅम हेही जमतं. पण दोन्ही अभिक्रियाकारकांची वस्तुमानं दिली की घोडं अडतं. कालचंच गणित बघा. १४ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजन, तर अमोनिया किती? समीकरण N₂ + 3H₂ → 2NH₃. हायड्रोजन कमी आहे, म्हणजे तोच आधी संपणार असं धरलं. ४ ग्रॅम म्हणजे २ मोल, त्याचे दोन तृतीयांश १.३३ मोल अमोनिया, गुणिले १७, उत्तर २२.६७ ग्रॅम. पुस्तकात दिलंय १७. असली ढीगभर गणितं सोडवून झाली, निम्मी चुकतात. अजून किती सोडवायची?

जुनी_परीक्षानळी
अरे, पुस्तकाचं शेवटचं पान उघडायच्या आधीच उत्तर चुकलंय हे कळायला हवं. आत टाकलंस एकूण १८ ग्रॅम आणि बाहेर काढलास २२.६७ ग्रॅम अमोनिया! वरचे साडेचार ग्रॅम आले कुठून?

ग्रॅम बघून कोण आधी संपणार हे ठरवायचंच नाही. हायड्रोजन हलका, त्याचे ४ ग्रॅमही २ मोल भरतात. नायट्रोजनचे १४ ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धा मोल. समीकरणात प्रमाण एकास तीन. अर्ध्या मोलला दीड मोल हायड्रोजन पुरतो, तुझ्याकडे दोन आहेत. म्हणजे संपला नायट्रोजन. अमोनिया झाला १ मोल, १७ ग्रॅम. हायड्रोजन उरला अर्धा मोल, म्हणजे १ ग्रॅम. १७ आणि १, झाले १८. जुळलं.

आता सरावाचं. नवनवी गणितं सोडवणं काही दिवस बंद ठेव. मी शिकवत होतो तेव्हा एकच समीकरण फळ्यावर लिहून ठेवायचो आणि त्यालाच उलटंसुलटं फिरवायचो. मुलं कुरकुरायची, पण दर वेळी नवी अभिक्रिया दिली की सगळी शक्ती रेणुवस्तुमानं काढण्यातच जाते आणि विचार करायचा राहूनच जातो. तुझ्याकडे अमोनियाचं समीकरण आहे, तेच धर. आधी ग्रॅम नकोतच, फक्त मोल घे: २ मोल नायट्रोजन, ५ मोल हायड्रोजन, कोण संपेल? तोंडी सांगता आलं पाहिजे. मग ग्रॅम आण: २८ ग्रॅम नायट्रोजन, ३ ग्रॅम हायड्रोजन. मग उलट जा: ५१ ग्रॅम अमोनिया हवा असेल तर दोन्ही वायू किती लागतील? आणि प्रत्येक गणितात काय उरलं तेही काढायचंच, प्रश्नात विचारलेलं नसलं तरी. त्याशिवाय बेरीज तपासणार कशी?

घनमूळ
एवढं कशाला? मोलच्या आकड्याला समीकरणातल्या सहगुणकाने (सूत्राआधीच्या आकड्याने) भागायचं, लहान येईल तो लिमिटिंग. इथे ०.५ भागिले १ म्हणजे ०.५, आणि २ भागिले ३ म्हणजे ०.६७. नायट्रोजन. संपला विषय.

जुनी_परीक्षानळी
युक्ती बरोबर आहे, माझी हरकत नाही. पण मुलं नाव शोधून तो ०.५ टाकून देतात, आणि खरा कामाचा आकडा तोच. त्याने सगळे सहगुणक गुणले की हायड्रोजन खर्च १.५ मोल, अमोनिया तयार १ मोल, सगळं एका ओळीत.

वायुरूप
वायूंच्या गणितात एक भर. तापमान आणि दाब सारखेच असतील तर मोल काढायचीही गरज नाही. १० लिटर नायट्रोजनला ३० लिटर हायड्रोजन, अमोनिया २० लिटर. गे-ल्युसॅकने १८०८ साली मांडलेला नियम तो हाच. ग्रॅमवरून लिटर काढायचे असतील तर मात्र आधी दाब बघ. ०° सेल्सिअसला १ अॅटमॉस्फिअर धरला तर मोलर आकारमान (एका मोल वायूचं आकारमान) २२.४ लिटर, १ बार धरला तर २२.७. दोन पुस्तकांतली उत्तरं थोडीशी वेगळी दिसली की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

वैतागलेला_विद्यार्थी
सर, २८ आणि ३ चं सोडवलं. हायड्रोजन संपला, अमोनिया १७ ग्रॅम, नायट्रोजन उरला १४ ग्रॅम. १७ आणि १४, ३१. जुळलं! ५१ चंही आलं: ४२ आणि ९. पण यील्ड (हिशेबाने यायला हवा त्यापैकी प्रत्यक्ष मिळणारा माल) ८० टक्के दिली की पुन्हा घोळ होतो. ३४ ग्रॅम अमोनिया हवा असेल तर ३४ ला ०.८ ने गुणायचं का?

जुनी_परीक्षानळी
गुणलंस तर २७.२ येईल. म्हणजे यील्ड कमी असताना माल पण कमी टाकायचा? भाग. ३४ भागिले ०.८, म्हणजे ४२.५ ग्रॅम अमोनिया होईल एवढ्या हिशेबाने वायू घ्यायचे: ३५ ग्रॅम नायट्रोजन, साडेसात ग्रॅम हायड्रोजन. उरलेल्या साडेआठ ग्रॅमचं काय होतं, ते आता तू लिही.